सदसद्विवेकबुद्धी ही खरंच ‘बुद्धी’ आहे का?

पहाटे साडेपाचच्या सुमारास काळेवाडीच्या रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या दिसायला लागतात. पहिली पाळी. कोपऱ्याकोपऱ्यावर डबा हातात धरून माणसं उभी असतात, बस थांबते, हॉर्न वाजतो, बस जाते. तीन वर्षं मीही अशाच एका बसने चाकणला जात होते. क्वालिटी डिपार्टमेंटला होते. मग नोकरी सोडली आणि संशोधनाला लागले. फेलोशिप मिळते, घरच्यांनी अडवलं नाही, शेजारीपाजारीही आता विचारायचे थांबलेत. तरी तो हॉर्न ऐकला की मला जाग येते आणि मन खातं.

त्या पाच मिनिटांत माझ्या आत तिघं बोलत असतात. एकाला फक्त झोपायचं असतं, त्याला बाकी कशाशी देणंघेणं नाही. दुसरा हिशोबी आहे: रात्री एक वाजेपर्यंत वाचत होतीस, आता उठलीस तर दुपारी ग्रंथालयात पेंगशील, झोप. आणि तिसरा कुणीतरी विचारतो, सगळे कामाला निघाले, तू?

माझ्या संशोधनाचा विषय या तिसऱ्याशी जोडलेला आहे. मराठीत त्याला आपण काय म्हणतो? परीक्षेत विचारलं तर सदसद्विवेकबुद्धी. शब्द फोडून बघा. सत्, असत्, विवेक, बुद्धी. चांगलं आणि वाईट यांचा निवाडा करणारी बुद्धी. म्हणजे शब्दानेच आधी ठरवून टाकलंय की हा तिसरा वेगळा कुणी नाही, दुसऱ्याचाच, त्या हिशोबी बुद्धीचाच, एक विभाग आहे. पण पहाटे साडेपाचला माझा अनुभव नेमका उलटा असतो. बुद्धी माझ्या बाजूने असते आणि तरीही मन खातं.

फ्रॉइडचं त्रिकूट तुम्हाला पेट किंवा नेट-सेटच्या अभ्यासातून माहीत असेलच, म्हणून थोडक्यात सांगते. १९२३ साली आलेल्या छोट्या पुस्तकात त्याने मनाचे तीन भाग मांडले. त्याचे जर्मन शब्द अगदी घरगुती होते: ‘एस’ म्हणजे ‘ते’, ‘इश’ म्हणजे ‘मी’, आणि ‘यूबर-इश’ म्हणजे ‘मीच्या वरचा मी’. ‘एस’ हा शब्द त्याने गेऑर्ग ग्रोडेक या डॉक्टरकडून घेतला आणि तसं सांगितलंही. इंग्रजीत जाताना या शब्दांना लॅटिनचा कोट चढला, इड, इगो, सुपरइगो. मराठीत येताना संस्कृतचा: इदम्, अहम्, पराहम्. त्यामुळे ‘मी’ आणि ‘ते’ इतक्या साध्या गोष्टीबद्दल तो माणूस बोलत होता, हे इंग्रजीतही कळत नाही आणि मराठीतही नाही. अजून एक घोळ लक्षात ठेवा. आपण जिला सहजप्रवृत्ती म्हणतो तिच्यासाठी फ्रॉइड बहुतेक ठिकाणी ‘ट्रीब’ हा शब्द वापरतो. त्यात आतून ढकलणं, रेटणं आहे. जर्मनमध्ये ‘इन्स्टिंक्ट’ हा वेगळा शब्द आहे, पक्ष्याच्या घरटं बांधण्यासारखा, ठरलेल्या वळणाचा. इंग्रजी भाषांतराने दोन्ही एकाच डब्यात घातले. म्हणून मी ‘प्रेरणा’ हा शब्द पसंत करते. प्रबंधात कुठलाही शब्द घ्या, पण का घेतला ते एकदा लिहा.

आता मुख्य मुद्दा. पराहम् असा नवा शब्द मराठीला का बनवावा लागला? सदसद्विवेकबुद्धी होती की. माझं म्हणणं असं की तो जुना शब्द आधीच एका वादात जिंकलेल्या पक्षाचा होता. त्यामुळे बुद्धीच्या विरोधात जाणारी सदसद्विवेकबुद्धी त्यात मावतच नव्हती.

तो वाद टिळकांच्या गीतारहस्यात आहे. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात लिहिलेला हा ग्रंथ १९१५ साली छापून आला. आपल्यातले बरेच जण त्याला ‘कर्मयोगाचं पुस्तक’ म्हणून बाजूला ठेवतात. सहावं प्रकरण मात्र वाचाच, आधिदैवतपक्ष आणि क्षेत्रक्षेत्रज्ञविचार. त्यात टिळक एका पाश्चात्त्य मताशी भिडतात. ते मत असं: बरंवाईट कळण्यासाठी माणसाच्या मनात एक स्वतंत्र शक्ती, जणू देवताच, बसवलेली आहे. ती क्षणात कौल देते, कारणं विचारावी लागत नाहीत. टिळकांना हे मान्य नाही. त्यांचा युक्तिवाद साधारण असा आहे. एका समाजात जे पाप ते दुसऱ्या समाजात नसतं. देवता एकच असती तर कौलही एकच आला असता. बरं, कौल झटपट येतो म्हणून शक्ती वेगळी मानायची, तर मुरलेला हिशोबनीसही बेरीज झटपट करतो. त्यासाठी आपण गणिताची वेगळी देवता मानतो का? सवयीने बुद्धी वेगवान होते, इतकंच. निवाडा करणारी बुद्धी एकच. ती शुद्ध असली तर निवाडा शुद्ध, मलिन असली तर मलिन.

याच प्रकरणात टिळक मानवी देहाला एका मोठ्या कारखान्याची उपमा देतात. बाहेरून कच्चा माल आत येतो, त्यातलं उपयोगी काय, निरुपयोगी काय हे ठरतं, मग त्याचं काहीतरी बनून बाहेर जातं. इंद्रियांनी आणलेलं मनाने पुढे मांडायचं, बुद्धीने निर्णय द्यायचा, आणि तो अमलात आणायचं काम पुन्हा मनाने कर्मेंद्रियांकडून करून घ्यायचं. पहिल्यांदा वाचताना मी हसले. तीन वर्षं मी इनकमिंग इन्स्पेक्शनच करत होते! लाल टॅग, हिरवा टॅग. पण त्या कामाने शिकवलेली एक गोष्ट टिळकांच्या कारखान्यात नाही. इन्स्पेक्टरच्या डोक्यावर ऑडिटर असतो, आणि त्याला माल कसा आहे यापेक्षा तुम्ही दोषी आहात का यात जास्त रस असतो.

टिळकांसाठी हा प्रश्न काही फावल्या वेळातला नव्हता. काळेवाडीहून पवना ओलांडून चिंचवडगावात गेलं की चापेकर चौक लागतो. दामोदर चापेकर इथले. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर हल्ला केला, १८ एप्रिल १८९८ रोजी दामोदर येरवड्यात फासावर गेले. तुरुंगात त्यांनी स्वतःची हकीकत लिहिली. तिच्यात अभिमान आहे, पश्चात्ताप शोधून सापडत नाही. रँडवरच्या हल्ल्याच्या काही दिवस आधी शिवाजी उत्सवात टिळकांनी अफझलखानाचा वध पाप होतं का, हा प्रश्न घेऊन गीतेच्या आधारे उत्तर दिलं होतं. त्या काळातल्या केसरीतल्या मजकुरावरून त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला आणि १८ महिन्यांची शिक्षा झाली. या दोन घटना एकमेकींना जोडण्याचा उद्योग त्या वेळच्या अँग्लो-इंडियन वर्तमानपत्रांनी भरपूर केला. मला तो करायचा नाही. मला एवढंच दिसतं की ‘आतला आवाज’ कुणाला मारू नको म्हणतो आणि कुणाला मार म्हणतो, हे टिळकांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, ते त्यांच्या आजूबाजूला घडत होतं.

आणि एक गोष्ट आपण विसरतो. गीतेत आतल्या आवाजावर हातातलं धनुष्य टाकून देणारा माणूस अर्जुन आहे. सदसद्विवेकाची देवता अंतिम मानली तर गीता पहिल्या अध्यायातच संपते. अर्जुनाचं मन खातंय, लढू नको. विषय संपला. टिळकांना पुढचे सतरा अध्याय हवे असतील तर त्या आवाजाला देवतेच्या आसनावरून उतरवून बुद्धीच्या हाताखाली बसवणं भागच होतं. म्हणून सहाव्या प्रकरणातला वाद त्या ग्रंथाच्या कण्यातला आहे असं मला वाटतं.

टिळक १९२० साली गेले, फ्रॉइडचं ते पुस्तक तीन वर्षांनी आलं. तेव्हा ‘टिळकांनी फ्रॉइडला आधीच उत्तर दिलं होतं’ वगैरे वाक्यं लिहू नका. (माझ्या पहिल्या मसुद्यात असं एक वाक्य होतं. मार्गदर्शकांनी त्याच्याभोवती पेन्सिलीने नुसतं एक वर्तुळ काढलं.)

या गोष्टीतला दुसरा माणूस टिळकांच्या अगदी विरुद्ध टोकाचा. रघुनाथ धोंडो कर्वे, जन्म १८८२. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक, नास्तिक, कट्टर बुद्धिप्रामाण्यवादी. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. याच कामापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजची नोकरी गेली. जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते तोट्यात चालवलं.

कर्व्यांच्या दृष्टीने कामप्रेरणा ही भुकेसारखी शरीराची गोष्ट. तिच्यात पापबिप काही नाही. इतरांना इजा होत नसेल तर बुद्धीने तिची व्यवस्था लावावी. आणि ती टोचणी? ती धर्माने आणि समाजाने कानात भरलेली भीती, ज्ञान दिलं की जाते. म्हणून मासिकात वाचकांची प्रश्नोत्तरं. लोक नाव न सांगता लिहायचे, हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी संबंधांबद्दल, लग्नातल्या अडचणींबद्दल. कर्वे उत्तर द्यायचे, ते बहुतेकदा दोन-तीन ओळींत, कोरडं, जवळजवळ चिडकं. यात नुकसान काही नाही. भीती सोडा.

याच सदरातल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांना असले प्रश्न पडतात, ते विकृत असतील तर विकृती जाण्याचा मार्ग ज्ञानाचाच आहे, मग उत्तर दिलंच पाहिजे, अशी बाबासाहेबांची बाजू होती. हॅवलॉक एलिसच्या लेखनाचा आधारही त्यांनी दिला. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ पाहिला असेल तर यातलं बरंच तुम्हाला ओळखीचं वाटेल.

मी हे अंक वाचायला घेतले ते खटल्यासाठी. पण अडकले त्या प्रश्नोत्तरांत. महिन्यामागून महिने, वर्षांमागून वर्षं तोच प्रश्न पुन्हा येतो. हस्तमैथुनाने काही होत नाही हे उत्तर मासिकात छापून आलेलं आहे, विचारणारा त्याच मासिकाचा वाचक आहे, आणि तरी विचारतो आहे. अर्थात इथे घाई करायची नाही. वाचक नवे असतील, जुने अंक त्यांना मिळाले नसतील, काही प्रश्न संपादकानेच तयार केले असतील. मासिकातली पत्रं म्हणजे जनगणना नव्हे. पण या सगळ्या शंका वजा केल्या तरी काहीतरी उरतं. माहिती मिळाल्यानंतर माणूस कर्व्यांना जे मागतो आहे ती माहिती नाही. त्याला कुणीतरी मोठ्याने ‘तू दोषी नाहीस’ म्हणायला हवं आहे. आणि ते एकदा म्हणून भागत नाही.

इथे टिळक आणि कर्वे शेजारी ठेवून बघा. एक गीतेचा भाष्यकार, दुसऱ्याला धर्मग्रंथांचं प्रामाण्यच मान्य नाही. पण दोघांचा बुद्धीवरचा विश्वास सारखाच. टिळक म्हणतात, टोचणी म्हणजे बुद्धीच, ती शुद्ध करा. कर्वे म्हणतात, टोचणी म्हणजे अज्ञान, ते बुद्धीने पुसा. जी बुद्धीही नाही आणि बुद्धीने पुसलीही जात नाही अशा टोचणीला दोघांकडेही जागा नाही. ती जागा फ्रॉइडने दाखवली, एवढ्यासाठीच मला तो इथे हवा आहे. माझ्या मार्गदर्शकांनी विचारलं होतं, मराठी विचारांच्या इतिहासात फ्रॉइड कशाला? हे माझं उत्तर.

फ्रॉइडच्या मते पराहम् बुद्धीतून निघत नाही. लहान मुलाला आईबापांचं प्रेमही हवं असतं आणि त्यांच्यावर रागही येतो. तो राग बाहेर काढायची सोय नसते. मग मूल आईबापांच्या अधिकारालाच आत घेतं, आणि तो राग त्या आतल्या अधिकाऱ्याच्या हाती जाऊन मुलावरच उलटतो. म्हणजे पराहम्‌ला ताकद येते ती इदम्‌कडूनच. १९२३ सालीच त्याने लिहिलं की पराहम्‌ची मुळं इदम्‌मध्ये खोल गेलेली असतात आणि अहम्‌पेक्षा ते जाणिवेपासून लांब असतं. पुढे १९३० मध्ये त्याने एक विचित्र वाटणारी गोष्ट नोंदवली: जो माणूस जितका सदाचारी, त्याची टोचणी तितकी कडक. टोचणी हा बुद्धीचा निवाडा असता तर गुन्हा कमी तशी शिक्षा कमी व्हायला हवी होती. आणखी तीन वर्षांनी त्याने त्यात भर घातली की मुलाचं पराहम् आईबाप कसे वागतात त्यावर बेतलेलं नसतं, आईबापांच्या पराहम्‌वर बेतलेलं असतं. म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या चालतं आणि काळाच्या मागे राहतं. बिचाऱ्या अहम्‌ला तीन मालक सांभाळावे लागतात: बाहेरचं जग, इदम् आणि पराहम्.

हे वाचल्यावर मी मराठीकडे परत आले तेव्हा जाणवलं की आपल्याकडे सदसद्विवेकबुद्धी हा ग्रांथिक शब्द टिळकांच्या बाजूचा असला, तरी बोली सगळी दुसऱ्या बाजूची आहे. मन खातं. मन टोचतं. रुखरुख लागते. यात बुद्धी कुठेच नाही. खाणं हे तर भुकेचं, प्रेरणेचं काम, आणि इथे ते नीतीच्या नावाने चाललंय. आपल्यावर दात कोण काढतंय तर आपलंच मन. आणि ‘जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळग’ हे आपण किती सहज म्हणतो. जन आणि मन अशी दोन कोर्टं असल्यासारखं. फ्रॉइड म्हणेल, मनाचं कोर्ट हे जनाचंच, फक्त ते आता घरातच भरतं, आणि त्याला सुट्टी नसते. ‘कळतं पण वळत नाही’ हे बुद्धी आणि प्रेरणा यांच्या भांडणाचं वर्णन झालं. समाजस्वास्थ्यच्या त्या पत्रलेखकाची अवस्था त्याच्या पुढची आहे. त्याला कळलंय, वळलंय, आणि तरी खातंय.

आता दोन सावधगिऱ्या, कारण या वाटेवर घसरायला जागा भरपूर आहे. पहिली: फ्रॉइडचं म्हणणं म्हणजे सिद्ध झालेला नियम नव्हे. भारतातही ते जसंच्या तसं कुणी गिळलं नाही. कलकत्त्यात १९२२ साली इंडियन सायकोअ‍ॅनालिटिकल सोसायटी स्थापन करणारे गिरींद्रशेखर बोस फ्रॉइडशी पत्रव्यवहार करत होते आणि त्याच पत्रांतून त्याच्याशी असहमतीही नोंदवत होते. इडिपस गंडाचं रूप आपल्या रुग्णांत वेगळं दिसतं, हे त्यांनी थेट त्यालाच कळवलं. एकत्र कुटुंबात आजी, काका, आत्या हे सगळेच रागावणारे असतील तर आत शिरणारा अधिकारी एकटा बाप कसा असेल? हा प्रश्न अजून मोकळा आहे, हवा असेल तर घ्या.

दुसरी सावधगिरी मोहाची आहे. कर्व्यांचं आयुष्य समोर ठेवलं की हात शिवशिवतात. बाप कोण तर महर्षी, विधवांच्या शिक्षणासाठी घरदार पणाला लावणारा. मुलगा कोण तर नोकरी गमावून, दंड भरून, सव्वीस वर्षं तोट्यात मासिक काढणारा, मूल होऊ द्यायचं नाही असं पत्नीसह ठरवून स्वतः शस्त्रक्रिया करून घेणारा. नीतीला थोतांड म्हणणाऱ्या या माणसाची स्वतःची शिस्त कुठल्या संन्याशाला लाजवेल अशी. बापाचं पराहम् मुलाकडे आलं, फक्त देव वगळून, हे वाक्य लिहायला एक मिनिट लागतं. एरिक एरिक्सनने गांधीजींवर १९६९ मध्ये असं अख्खं पुस्तक लिहिलं, पण त्यासाठी तो अहमदाबादेत जाऊन १९१८च्या गिरणी संपाचे साक्षीदार भेटून आला होता. माझ्याकडे कर्व्यांचा छापील मजकूर आहे, त्यांची स्वप्नं नाहीत. तेव्हा ते वाक्य या लेखात आलंय तेवढंच, प्रबंधात येणार नाही. पत्रलेखकांबद्दलही मी त्यांच्या बालपणात जात नाही. मी फक्त भाषा बघते. ‘समजते परंतु’, ‘वाचले आहे तरी’, अशी वळणं कुठल्या प्रश्नांत येतात आणि कुठल्यांत येत नाहीत.

सध्या हेच चालू आहे. एका वहीत उभ्या तीन रकान्यांत: अंकाचा महिना, प्रश्नाचा विषय, आणि ‘तरी’ आहे की नाही. संततिनियमनाची साधनं कुठे मिळतील, कशी वापरायची, असल्या प्रश्नांत ‘तरी’ अजून जवळजवळ आढळलेला नाही. हस्तमैथुनाच्या प्रश्नांत तो सारखा येतो. नमुना लहान आहे, अजून बरीच वर्षं वाचायची आहेत. कर्व्यांच्या उत्तरांसाठी चौथा रकाना आखावा का, या विचारात आहे. उत्तर दरवेळी तेच असतं, पण पुढच्या वर्षांत ते आणखी आखूड होत जातं का, ते बघायचंय.